विषुववृत्तीय चक्री वादळे
विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सु. ५° अक्षांशापर्यंतच्या पट्ट्यात क्वचित उद्‌भवणारी वादळे. या पट्ट्यातील सागर वर्षभर उबदार व हवा बाष्पयुक्त असूनही तेथे चक्री वादळे जवळजवळ आढळत नाहीत. या विसंगतीचा उलगडा टप्प्याटप्प्याने होत गेला.

कलकत्त्यात राहून वादळांचा अभ्यास करणारे हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ मध्ये, सर्पाच्या वेटोळ्याच्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्यांना ‘सायक्लोन’ हे नाव दिले. वादळातील वारे केंद्राभोवती उत्तर गोलार्धात अपसव्य, तर दक्षिण गोलार्धात सव्य दिशेने फिरतात, हे तोवर जहाजांवरील नोंदींवरून स्पष्ट झाले होते. त्याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात आहे. त्यामुळे उद्‌भवणाऱ्या प्रेरणेस फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिस (१७९२–१८४३) यांचे नाव मिळाले. मात्र त्यांचे १८३५ मधील विवेचन फिरत्या यंत्रांसंबंधी होते.

या प्रेरणेचा क्षितिजसमांतर परिणाम ध्रुवांवर महत्तम व विषुववृत्तावर शून्य असतो. १·५° अक्षांशावर तो १५° वरील परिणामाच्या सु. एक-दशांशच भरतो. परिणामी कमी दाबाकडे जाणारी हवा पुरेशी न वळता केंद्रात शिरते आणि दाबातील फरक लवकर भरून निघतो. फिनिश वातावरणवैज्ञानिक एरिक पाल्मेन यांनी १९४८ मध्ये उबदार सागरपृष्ठाबरोबरच विषुववृत्तापासूनचे अंतरही वादळनिर्मितीस आवश्यक असल्याचे दाखविले. पुढे ५° ही मर्यादा पाठ्यपुस्तकांतून रूढ झाली.

तथापि २७ डिसेंबर २००१ रोजी दक्षिण चिनी समुद्रात सु. १·५° उ. अक्षांशावर ‘वामेई’ वादळ निर्माण झाले व सिंगापूरनजीक मलेशियाच्या जोहोर राज्यात शिरले. तेथे पूर येऊन व दरडी कोसळून प्राणहानी झाली. ईशान्य मोसमी वाऱ्यांची दीर्घकाळ टिकलेली लाट आणि बोर्निओलगतचा भोवरा यांच्या संयोगाने हवेला आवश्यक ते परिभ्रमण आयते मिळाले होते. अशी घटना या समुद्रात शंभर ते चारशे वर्षांतून एकदा संभवते, असा अंदाज २००३ मध्ये मांडण्यात आला. २००४ मध्ये अरबी समुद्रातील ‘अग्नी’ वादळही २° हून कमी अक्षांशावर आढळले.

पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम अक्षांशानुसार बदलत असल्याने वादळे सामान्यतः ध्रुवांकडे सरकतात. म्हणून विषुववृत्तालगतचे प्रदेश बव्हंशी सुरक्षित राहतात. परंतु ही सुरक्षितता संभाव्यतेची आहे, निसर्गनियमाची नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ५° च्या आत उद्‌भवलेल्या ‘बोफा’ वादळाने ४ डिसेंबर रोजी फिलिपीन्सच्या मिंदानाओ बेटावर आघात केला. प्रबळ वादळांची फारशी सवय नसलेल्या या बेटावर एक हजाराहून अधिक लोक मृत्यू पावले.