दावणीचा अश्व

भीमा आणि नीरा या नद्यांच्या थडीला निपजणाऱ्या लहान चणीच्या, काटक आणि अल्पाहारी घोड्यांच्या पाठीवर मराठी राज्याचा विस्तार झाला, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु त्यांच्या दौडीचे गुणगान करताना आपण त्यांच्या दावणीकडे क्वचितच वळून पाहतो. प्रत्यक्ष संग्रामाचे प्रसंग मोजके. उरलेला सारा काळ घोडा माणसांच्या सहवासात, त्यांच्याच अंगणात घालवी, आणि तेथे त्याची जी निगा राखली जाई, तिच्यावरच मोहिमेची भिस्त असे.

शिवछत्रपतींनी हे मर्म पुरते ओळखले होते. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा शिलेदार असा भेद त्यांच्या लष्करात होता. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार नेमावा, तसेच पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी आणि नालांसाठी एक नालबंद असावा, अशी पागेची व्यवस्था सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवली आहे. त्याहूनही बोलके आहे ते चिपळूणच्या छावणीच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस गेलेले आज्ञापत्र. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आणि गवत आताच मन मानेल तसे उधळले, तर ऐन पर्जन्यकाळात घोडी उपाशी मरतील, मग शिपाई रयतेच्या घरचे धान्य, गवत व लाकूडफाटा ओढू लागतील आणि रयत परागंदा होईल, हे त्यात कळवळून बजावले आहे. इतकेच नव्हे, तर गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नये, चिलीम ओढू नये, रात्री दिवा तेवत ठेवू नये, कारण एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी पागा भस्मसात होईल, येथवर त्या पत्राची दृष्टी पोहोचते.

सरदार-शिलेदारांच्या वाड्यांतही घोडा हा कुटुंबाचाच एक घटक असे. पहाटे मोतद्दाराने लीद काढून ठाण झाडावे, अंगावरून खरारा फिरवावा, खुरांत रुतलेले खडे काढावेत आणि भिजविलेल्या हरभऱ्यांचा तोबरा तोंडाला बांधावा, हा तेथला नित्यक्रम होता. आणि दसऱ्यास त्याला न्हाऊ घालून, गळ्यात झेंडूची माळ घालून घरच्या लक्ष्मीने ओवाळल्याविना शिलंगणाचे सोने लुटण्यास कोणी बाहेर पडत नसे.

१८१८ साली पेशवाई अस्तंगत झाली, पागा मोडल्या आणि या निगेचा राजाश्रय सुटला. मुंबई बंदरात इराणी आखातातून अरबी घोडे आणि पुढे ऑस्ट्रेलियातून वेलर उतरू लागले. भायखळ्याच्या मैदानावरील शर्यती १८८३ पासून महालक्ष्मीस भरू लागल्या, आणि पावसाळ्यात पुणे व हिवाळ्यात मुंबई असा शर्यतींचा परिपाठ पडला. तेथील अश्वांचे सौंदर्य आणि वेग खरोखरच दिपवून टाकणारे. परंतु कठड्याबाहेरच्या प्रेक्षकाचा त्यांच्याशी संबंध एका दौडीपुरता, डावापुरता उरला.

याउलट, ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालण्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीस येतात, आणि रिंगणात एक अश्व स्वारासह, तर दुसरा माउलींचा म्हणून रिकाम्या पाठीने धावतो, तेव्हा जयपराजयाचा विचार कोणाच्याही मनात नसतो. वारकरी टापांखालची माती कपाळी लावतात. आणि दिवाळीच्या सुमारास फलटण-बारामतीकडील धनगर मेंढरे घेऊन घाटवाटांनी कोकणात उतरतात, तेव्हा घोंगड्या, भांडीकुंडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी लेकरेही त्यांच्या घोड्याच्याच पाठीवर असतात; पायाशी कुत्रा चालत असतो. कोणत्या पाणवठ्यावर थांबावे, कोणत्या उतारावर ओझे हलके करावे, कोणत्या पाल्याने घोड्याला बाधा होते, हे ज्ञान त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या या भ्रमंतीने दिले आहे.

ज्या निगेची कलमे एके काळी राज्यकर्त्याने लिहवून घेतली, ती निगा दौलत बुडाल्यानंतरही या बिऱ्हाडांनी दफ्तराच्या आधारावाचून अखंड सांभाळली. म्हणून मराठी अश्वाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने मोहिमांच्या यादीवर समाधान मानू नये. धनगरवाड्यांवरील जाणत्या वृद्धांजवळ बसून त्यांचे हे ज्ञान ते हयात असतानाच अक्षरबद्ध करावे, कारण ज्यांनी घोडा जगविला त्यांची नोंद ज्यांनी तो दौडविला त्यांच्या शेजारी झाल्याखेरीज तो इतिहास पूर्ण होणार नाही.