सव्वातीन मिनिटांतला राग

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मोल्डिंगच्या यंत्रांवर उमेद घालवलेले आमचे एक स्नेही आहेत. निवृत्तीनंतर त्यांना जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्याचा नाद लागला. रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेलं, की चहाच्या आधी तबकडी लागते आणि ती बहुतेक वेळा बापूराव पलुस्करांची असते. ब्रशने धूळ झटकायची, सुई अलगद टेकवायची. राग जरा कुठे उलगडतोय, तोवर सुई मधल्या लेबलाशी येऊन खरखरते. परवा त्यांच्या नातीने विचारलं, “आजोबा, संपलं? एवढंच का गायले हे?”

प्रश्न नाशिककरांच्या जिव्हाळ्याचा आहे. बापूराव म्हणजे द. वि. पलुस्कर, पंडित विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. जन्म १९२१ सालचा. वडिलांनी नाशिकला रामनाम आधार आश्रम काढलेला, त्यामुळे नाशिक त्यांचं घरच. दहा वर्षांचे असताना वडील गेले. पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडे शिक्षण झालं. १९३५ साली, चौदाव्या वर्षी, जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात ते गायले. १९४४ मध्ये पहिली तबकडी निघाली आणि ऑक्टोबर १९५५ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते वारले. मैफलीत एकेक ख्याल पाऊण तास सहज चालायचा. तबकडीवर मात्र तीन-सव्वातीन मिनिटं. का?

याचं उत्तर पट्टीने मोजता येतं. तबकडीच्या एका बाजूवर किती खाचा असतात, असं वर्गात विचारून पाहा. मुलं शेकडो सांगतील. खरं तर खाच एकच असते, बाहेरून आत वळत जाणारी. दहा इंची तबकडीवर ही खाच सुमारे ७ सेंटिमीटर पट्ट्यात बसते आणि दर सेंटिमीटरला तिचे साधारण ३६ वेढे असतात. म्हणजे एकूण २५२ वेढे. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते. भागाकार करा : सव्वातीन मिनिटं.

मग वेढे अधिक दाट का नाही घातले? इथे खरी गंमत आहे. चावीच्या ग्रामोफोनमध्ये वीज नव्हती, त्यामुळे आवाज मोठा करणारं काहीच नव्हतं. खोली भरून टाकणारा आवाज सुईच्या थरथरण्यातूनच यायचा. सुई जोरात हलायला हवी, तर खाच नागमोडी आणि ऐसपैस हवी. शिवाय सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार असे. तो सोसायला तबकडी कठीण हवी, म्हणून ती लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून बनवत. ही पूड पोलादी सुईला घासून खाचेच्या आकाराची करून टाकी. त्यामुळे दर बाजूला सुई नवी घालावी लागे. सुयांच्या त्या छोट्या पत्र्याच्या डब्या अजून कुणाकुणाच्या घरी सापडतात, बहुधा बटणं ठेवलेल्या!

आणि लाख कुठली? पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या किड्यांनी स्रवलेली. जगाला तिचा मोठा पुरवठा भारतातूनच होई. फ्रेड गेसबर्गने नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायला मूळ मुद्रणं जर्मनीत हानोव्हरला जात. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला, तोवर लाख आपली, गाणं आपलं, तबकडी मात्र बोटीने यायची.

दोन गोष्टींनी हे चित्र बदललं. एक म्हणजे विजेचं ध्वनिवर्धन. सुईने नुसता इशारा द्यायचा, ताकद विजेने पुरवायची. दुसरी म्हणजे व्हिनाइल. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकन सैनिकांसाठीच्या तबकड्या या प्लास्टिकच्या बनवल्या. त्यात दगडाची पूड नसते, म्हणून खरखर कमी आणि खाच बारीक करता येते. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली : बारा इंच, मिनिटाला ३३⅓ फेरे, सेंटिमीटरला ९०च्या आसपास वेढे, साडेआठ सेंटिमीटर पट्टा. हा हिशेब मुलांनाच करू द्या. उत्तर २३ मिनिटं येईल.

आमचे स्नेही सांगतात, की व्हिनाइलची तबकडी त्यांच्या कारखान्यातल्या वस्तूंसारखी पिचकारीने साच्यात भरत नाहीत; गरम गोळा दोन ठशांमध्ये दाबतात, पुरी दाबावी तसा. प्लेअरच्या सुईबद्दलही ते फार दक्ष असतात. लाँग प्लेची बारीक सुई जुन्या तबकडीवर लावली, तर ती रुंद खाचेच्या तळाशी लोळते आणि गाण्यापेक्षा कचराच जास्त ऐकवते. जुन्या तबकडीला जाड टोकाची सुई लागते.

लाँग प्ले भारतात रुळली ती १९५५ नंतर. बापूरावांना ती लाभलीच नाही. आकाशवाणीवरची त्यांची काही गाणी पुढे प्रसिद्ध झाली, पण त्यांनी तबकडीसाठी म्हणून जे गायलं ते सव्वातीन मिनिटांच्या मापात. तबकडीने राग कापला, अशी तक्रार जाणकार करतात. मला ती पुरती पटत नाही. बापूरावांची तबकडी ऐकताना मैफलीचा तुकडा तोडून आणल्यासारखं वाटत नाही. दोन स्वरांत राग उभा राहतो, बंदिश येते, मोजक्या ताना होतात आणि समेवर येऊन गाणं थांबतं. हे माप त्यांच्या गुरुपिढीने, विशेषतः नारायणराव व्यासांनी, आधीच घोटून ठेवलं होतं. हरवलं ते वेगळंच : संथ आलाप, चुकतमाकत शोधलेली जागा, श्रोत्यांची दाद. त्याला खाचेत जागाच नव्हती.

नातीला हे सगळं सांगून झाल्यावर आजोबांनी एक खराब झालेली तबकडी फिरवली, जुन्या उत्तरपत्रिकेचा शंकू केला, त्याच्या टोकाला टाचणी खुपसली आणि ती खाचेवर धरायला दिली. स्पीकर बंद, वायर काढलेली. कागदातून बारीक आवाजात कुणीतरी गाऊ लागलं. पोरगी आधी तबकडीखाली वाकून बघत होती.