क्लॉडेट उठली नाही

मॉन्टगोमेरीची बस म्हटली की आपण रोझा पार्क्सचं नाव घेतो. १ डिसेंबर १९५५. पण त्याच्या नऊ महिने आधी, २ मार्चला, त्याच अमेरिकी शहरात १५ वर्षांची एक शाळकरी पोर गोऱ्या बाईसाठी जागेवरून उठली नव्हती. क्लॉडेट कॉल्व्हिन. पोलिसांनी बेड्या घालून नेली.

तिथला रोजचा रिवाज काय? काळ्यांनी पुढच्या दारानं चढून पैसे द्यायचे, परत खाली उतरायचं न् मागच्या दारानं आत जायचं. कधी तेवढ्यात ड्रायव्हर गाडीच पळवायचा. पैसेही गेले न् वर पायपीट. आपल्याला कपबशी वेगळी, त्यांना दार वेगळं.

पण दोस्तहो, खरी बोच पुढंच आहे. पुढाऱ्यांनी क्लॉडेटला लढ्याचा चेहरा केलं नाही. वय कोवळं, घर गरीब, रंग जास्तच काळा, असं तिनंच नंतर सांगितलं. त्यात लग्नाआधी दिवस गेले. म्हणजे काळ्यांतही पायऱ्या होत्याच! तरी १९५६ साली ज्या खटल्यानं बसमधला भेद मोडला, त्यातल्या चार फिर्यादी बायांत ती होती. तिच्या नावावरची गुन्ह्याची नोंद मात्र २०२१ साली पुसली. तेव्हा ती ८२ वर्षांची.

हे वाचलं न् आमची एक सभा आठवली. झाडूवालीची पोर बोलायला उभी राहिली. बोली रांगडी, अंगावर आईचं जुनं लुगडं. समोर पाहुणे बसलेले. मीच म्हणालो, "ताई, तू जरा नंतर बोल."

नंतर वेळ संपला. तिनं सतरंज्या गोळा केल्या न् गेली.