मावळ्याच्या अंगावरचे थर

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: "तुमची साधनं कोणती?" इतिहासवाले दप्तरं, पत्रं, बखरी सांगतात. आम्ही विज्ञानवाले नमुने सांगतो. पण ज्या गोष्टीबद्दल कुणाला काही लिहून ठेवावंसंच वाटलं नाही, तिचा इतिहास लिहायचा झाला तर? आज असंच एक उदाहरण घेऊ. कदाचित तुमच्या घरातल्या माळ्यावरही ते असेल: दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे.

आमचं गाव मार्गासनी. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागतं, आणि राजगडासाठी गुंजवण्याला जाणारा रस्ता इथूनच फुटतो. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच आहे.) खरा राजगड पंचवीस वर्षांच्या आसपास राजधानी होता. त्याच्याबद्दल पत्रं आहेत, नोंदी आहेत, आणि २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांमध्ये तो आहे. त्याच्याच वाटेवरच्या गावात मुलं दर दिवाळीला अंगणात दगड, गोणपाट आणि चिखल घेऊन आपला किल्ला बांधतात, वर अळीव नाहीतर मोहरी पेरतात. तो थोडा पाहिलेला असतो, बराचसा मनातला. माचीवर मावळे, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी गवळण, गुहेत वाघ, आणि बुरुजावर रायफल घेतलेला हिरवा प्लॅस्टिकचा सैनिक. महाराज सगळ्यांच्या दुप्पट उंच. कुणाला त्यात काही खटकत नाही.

"ही प्रथा शिवकालापासून चालत आलीय" असं दर दिवाळीला कुठे ना कुठे छापून येतं. वाक्य ऐकायला छान आहे. सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर गाइड एकच शब्द विचारतील: "कशावरून?" म्हणून आधी प्रश्नाचे तुकडे करा. किल्ला करणं ही एक गोष्ट आणि त्यावर रंगवलेली चित्रं मांडणं ही दुसरी. (या बाहुल्यांना आमच्याकडे 'चित्रं' म्हणतात.) चिखलाचा किल्ला दिवाळी संपली की मोडतो, त्याचं काही उरत नाही. चित्रं मात्र डब्यात जातात आणि पुढच्या वर्षी परत बाहेर येतात. म्हणजे पुरावा असलाच तर तो डब्यात आहे.

आमच्या घरचा डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. चित्रं भाताच्या तुसात पुरलेली. पूर्वी हा डबा चुलीवरच्या माळ्यावर असायचा, कारण इथल्या पावसात दुसरीकडे काही कोरडं राहत नाही. मी एकदा चित्रं धुवायला घेतली तेव्हा आजी ओरडली, "आरं, पाण्यात नगं घालू, इरघळंल त्ये!" आजीचं म्हणणं रसायनशास्त्रातही बसतं. न भाजलेली शाडू पाण्यात सरळ सुटते. प्लास्टर ऑफ पॅरिसचं पाणी घालून घट्ट झालं की जिप्सम बनतं आणि ते लिटरभर पाण्यात साधारण २ ग्रॅम विरघळतं. हे थोडं वाटतं, पण बोटभर मावळ्याचं नाक जायला तेवढं पुरे.

त्या डब्यातल्या एका मावळ्याच्या खांद्याचा टवका उडालाय. भिंगाखाली वरून खाली पाहिलं की हिरवा, पिवळा, भगवा, मग पांढरा असे थर दिसतात आणि मध्येमध्ये काळ्या बारीक रेघा. तो काळा रंग नाही, काजळी आहे. वर्षभर चुलीच्या धुरात राहिल्यावर बसलेली, आणि दिवाळीला मुलांनी न पुसता वरून रंग दिल्यामुळे तशीच आत अडकलेली. दोन थरांमध्ये मळ असेल तर त्यांच्यात काळ गेलाय, मळ नसेल तर ते एकाच बैठकीतले असू शकतात. जुनी चित्रं जतन करणारे लोक हाच निकष वापरतात. त्यासाठी आपसूक निघालेली कपची रेझिनमध्ये बसवतात, घासून तिचा छेद काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात.

थरांचा क्रम कळला, पण साल? इथे रंगद्रव्यं मदतीला येतात. टायटॅनियम व्हाइट बाजारात आलं ते १९२० च्या सुमारास. थॅलोसायनिन निळा १९३५ चा. ज्या थरात हा निळा सापडेल तो थर १९३५ च्या आधीचा असूच शकत नाही. याला 'याच्या नंतरचा' पुरावा म्हणतात. तो खालची मर्यादा देतो, नेमकी तारीख देत नाही. नवखे संशोधक इथेच घसरतात: १९३५ नंतरचा म्हणजे १९३५ चा, असं लिहून मोकळे होतात. उलट्या बाजूची मर्यादा मिळवणं आणखी कठीण. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. मग शिसं सापडलं म्हणजे रंग त्याआधीचा? तसं नाही. जुना उघडलेला डबा लोक दहा वर्षं वापरतात.

यंत्राचं पण तसंच. एक्सआरएफ नावाचं हातात धरायचं यंत्र आहे. कपची न काढता कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं, म्हणून सगळ्यांना ते हवं असतं. पण ते एका थरापुरतं थांबत नाही, खालचंही वाचतं. पिवळ्यावर धरलं आणि शिसं नि क्रोमियम एकत्र दिसलं तर क्रोम यलो असावा असा अंदाज बांधता येतो. लाल भागात नुसतं शिसं दिसलं तर तो जुना ऑइलपेंट असेल किंवा देव्हाऱ्यातला शेंदूर. शेंदूर म्हणजे पारंपरिकरीत्या शिशाचंच ऑक्साइड. कपड्यांची नीळ वापरली असेल तर यंत्र जवळजवळ गप्प, कारण तिच्यातली मूलद्रव्यं हलकी. आणि मला सगळ्यात आवडणारी गंमत: दख्खनच्या बेसाल्टमध्येच टायटॅनियम ऑक्साइड २-३ टक्क्यांच्या घरात असतं. गावच्या मातीचा मावळा असेल तर टायटॅनियमची रेघ रंगाविनाही येणार. म्हणून आधी न रंगवलेल्या तळाचं मोजमाप घ्यायचं. पाया माहीत नसताना वरच्या आकड्याला अर्थ नाही.

हे छंद जगभर आहेत. १९१३ मध्ये एच. जी. वेल्सनं खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात छापले. १९७४ चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणि १९८३ चा 'वॉरहॅमर' यांनी त्या सैनिकांच्या जागी राक्षस, जादूगार, बुटके योद्धे आणले. ते खेळणारी मंडळी अडीच-तीन सेंटिमीटरच्या बाहुल्या तासन्‌तास रंगवतात आणि फोमच्या खाचांत ठेवतात. पण तिकडे कंपन्यांचे कॅटलॉग आहेत, नियमपुस्तकं आहेत, बाहुलीच्या तळाशी साल कोरलेलं असतं. साठवणीचा त्रास वेगळा: जुन्या शिशाच्या बाहुल्या ओकच्या कपाटात ठेवल्या तर लाकडातून सुटणाऱ्या ॲसिटिक ॲसिडच्या वाफेनं त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. आपल्या तुसाच्या डब्याला तो रोग नाही, इथला शत्रू ओल.

आता मुख्य अडचण. समजा तुम्ही मार्गासनीपासून भोरपर्यंत घरोघरचे डबे पाहिलेत आणि बहुतेक चित्रं प्लास्टरची निघाली. "पूर्वीही चित्रं प्लास्टरचीच होती" असं लिहाल? कच्च्या मातीची चित्रं ओल लागून केव्हाच गेली असणार. डब्यात जे आहे ते टिकलेलं आहे. जे होतं ते सगळं नाही. रूपावरून काळ काढतानाही जपून. पुण्यातला करमरकरांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. एखादा मातीचा घोडेस्वार त्याच्यासारखा वाटला तर तो नंतरचा असेल, पण 'सारखा वाटणं' हा रंगद्रव्यापेक्षा फार कच्चा पुरावा आहे. मी तो तळटीपेत टाकेन.

संग्रहालयात काम करणारे म्हणतील, आता रंगवणं थांबवा. मला ते पटत नाही. मुलांनी दरवर्षी रंगवलं म्हणून तर थर झाले. रंगवणं थांबलं की तो मावळा कपाटातली वस्तू होईल आणि डबा पुढच्या घरबदलात जाईल. फक्त खरवडू नका, पॉलिश पेपर मारू नका, थिनरमध्ये बुडवू नका. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून. तळाचाही काढा. गळून पडलेल्या कपच्या फेकू नका, कागदाच्या पुडीत घालून कुठल्या चित्राच्या ते वर लिहा. मग खुशाल रंगवा. कुठला रंग, कुठल्या दिवाळीला, कुणी लावला, हे एका कार्डावर पेन्सिलीनं लिहून डब्यात ठेवा. पेनानं नको, आमच्याकडच्या पावसाळ्यात शाई पसरते.