प्रतिजैविकनिर्मितीचे जनुकसमूह

जीवाणूत जंतुनाशक वा बुरशीनाशक द्रव्य घडवणाऱ्या जनुकांचे गट. स्ट्रेप्टोमायसीस या मातीतल्या जीवाणूंत ही जनुके गुणसूत्रावर बहुधा एकमेकांना लागून असतात. द्रव्य घडवणारी विकरे, ते पेशीबाहेर टाकणारी प्रथिने, नियंत्रक आणि जीवाणूचा स्वतःच्याच विषापासून बचाव करणारी जनुके, सारी शेजारी शेजारी. म्हणूनच एक सापडले की बाकीची शोधणे सोपे जाते.

हा शेजार डेव्हिड हॉपवूड यांच्या नॉरिच येथील प्रयोगशाळेत स्पष्ट झाला. स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलर हा जीवाणू ॲक्टिनोऱ्होडिन हे निळे प्रतिजैविक बनवतो. ज्या वसाहतींचा निळेपणा गेला, त्यांत कोणते तरी जनुक बिघडले आहे हे डोळ्यांनाच कळे. १९८४ मध्ये माल्पार्टिडा आणि हॉपवूड यांनी हा पूर्ण समूह दुसऱ्या स्ट्रेप्टोमायसीसमध्ये घातला आणि त्यानेही ॲक्टिनोऱ्होडिन बनवले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचे उदाहरण हॅमायसीन या बुरशीनाशकाचे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये (स्थापना १९५४) एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी ते शोधले. ज्या जीवाणूपासून ते मिळते त्याच्या नावातच गाव आहे: स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. त्या काळी पारख होती ती बुरशीच्या थरात उमटणाऱ्या स्वच्छ वर्तुळाची. जनुके वाचण्याचे साधन नव्हते. आज रेणूच्या रचनेवरूनच जनुकांचा अंदाज बांधता येतो, आणि या विषयातले सर्वांत सुंदर ते हेच. हॅमायसीनमध्ये ओळीने सात दुहेरी बंध आहेत. असा रेणू पॉलिकीटाइड सिंथेज नावाची अजस्र विकरे टप्प्याटप्प्याने जोडत नेतात. ज्या टप्प्यात कीटो गट क्षपित होऊन पाणी निघून जाते आणि पुढचे क्षपण होत नाही, तिथे दुहेरी बंध उरतो. त्यामुळे जनुकातील टप्पे क्रमाने वाचले की रेणूचा सांगाडा कळतो. हॅमायसीनच्याच कुळातील कँडिसिडिनची सुरुवात पॅराॲमिनोबेंझोइक आम्लापासून होते; ते आम्ल बनवणारे जनुक गिल आणि हॉपवूड यांनी १९८३ मध्ये वेगळे केले.

सीलिकलरचा जनुकसंच २००२ मध्ये वाचून झाला, तेव्हा त्यात असे वीसहून अधिक समूह निघाले. बहुतेकांची द्रव्ये तोवर कोणी पाहिलेलीही नव्हती. २०११ पासून अँटिस्मॅश ही संगणकप्रणाली असे समूह हुडकून देते. पण ते केवळ अनुमान. संशयित जनुक तोडल्यावर द्रव्य थांबले आणि ते परत घातल्यावर पुन्हा बनू लागले, तरच ओळख पक्की मानतात. प्रयोगशाळेतील नेहमीच्या पोषक माध्यमात अनेक समूह निद्रिस्त राहतात. माध्यम बदलून, नियंत्रक जनुक जोरात चालवून किंवा सारा समूह दुसऱ्या जीवाणूत घालून ते जागे करतात.