हेडलाईटमधील बाष्प (बल्ब बदलल्यानंतरचे)

मोटारीच्या हेडलाईटच्या काचेवर आतल्या बाजूने धरणारे दव. मूळचा हॅलोजन बल्ब काढून एलईडी किंवा जास्त वॅटचा बल्ब बसवल्यावर ही तक्रार विशेष दिसते. तळेगाव दाभाडे परिसरात तिचा हंगाम म्हणजे मावळातला पावसाळा. रात्री पाळी सुटल्यावर तळेगाव–चाकण रस्त्याने समोरून येणाऱ्या ट्रकांच्या झोतात गाडी चालवणाऱ्याला जादा उजेड हवा असतो, म्हणून बल्ब बदलला जातो. आणि पहिल्या दमदार पावसानंतर काच आतून घामेजते.

कारण बहुधा काचेत नसते, दिव्याच्या पाठीमागे असते. हेडलाईट हवाबंद डबा नाही. त्याला मुद्दाम बारीक श्वासमार्ग ठेवलेले असतात. दिवा पेटला की आतली हवा फुगून बाहेर पडते, विझला की आकसते. ६० अंश सेल्सियसची हवा २५ अंशांवर आली तर तिचे आकारमान सुमारे एक दशांशाने घटते, आणि तेवढीच बाहेरची हवा आत ओढली जाते. मागचा रबरी बूट, म्हणजे बल्बमागचे आवरण, घट्ट असेल तर ही देवाणघेवाण श्वासमार्गातून होते. पण एलईडीचा पंखा मावत नाही म्हणून तो बूट ब्लेडने कापलेला असतो, किंवा काढून डिकीत टाकलेला असतो. मग ओली हवा, चाकाने उडवलेले पाणीसुद्धा, थेट आत शिरते. एच-४ जातीच्या ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब असेल, तर उष्णतेने रबर कडक होऊन कडेला चिरते. बोट फिरवले की खरखर लागते.

एलईडीची आणखी एक गोम आहे. हॅलोजनची उष्णता पुढे काचेवर पडते आणि धुके आपोआप उडते. एलईडीची उष्णता पंख्यातून मागे जाते. त्यामुळे पूर्वी अर्ध्या तासात विरणारा ओलावा आता दिवसभर टिकतो. (ही ‘काच’ आता पॉलिकार्बोनेटची, म्हणजे प्लास्टिकची असते. १९०८ साली पैसा फंड या लोकवर्गणीच्या निधीचा काच कारखाना निघालेल्या तळेगावातही तिला काचच म्हणतात.)

कोपऱ्यातले पातळ, चालवताना जाणारे धुके हा दोष नव्हे. ओघळ किंवा तळाशी साचलेले पाणी मात्र दोष. अशा वेळी कोरड्या दिवशी बल्ब काढून हेअर ड्रायरची कोमट हवा मागून सोडावी. आतल्या चंदेरी परावर्तकाला फडके लावू नये; मुलामा निघतो. नंतर नवा अखंड बूट, किंवा एलईडीसाठी मिळणारी खोल टोपी बसवावी.

सगळ्या फटी सिलिकॉनने लिंपण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. श्वासमार्ग बुजला की आतला ओलावा आतच कोंडतो, आणि व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ परावर्तक काळवंडवते. खाली भोक पाडणे त्याहून वाईट. उरलेल्या ओलाव्यासाठी सिलिका जेलची पुडी आत दोन दिवस ठेवून काढून घ्यावी. पेटत्या हॅलोजनजवळ ती राहू देऊ नये.

जोडणी झाल्यावर दिवे अर्धा तास पेटवून विझवावेत आणि काचेवर बादलीभर पाणी ओतावे. थोड्या वेळाने आत थेंब दिसले, तर पुन्हा बॉनेट उघडून बुटाची कड तपासावी.