वंशलोचन: नाव तेच, वस्तू कोणती?

मंडळी, सितोपलादी चूर्ण आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी मधातून चाटलेलं आहे. खोकल्याचं घरोघरचं औषध. त्याचं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2, दालचिनी 1. आज बोलायचंय ते त्यातल्या 8 भागांबद्दल.

काही जातींच्या बांबूत, पेरांच्या पोकळीत रस साठतो आणि वाळून त्याचे पांढरट-निळसर खडे होतात. तेच वंशलोचन. प्रत्येक बांबूत ते सापडत नाही, म्हणून पहिल्यापासून महाग. संस्कृतात त्याला त्वक्क्षीरही म्हणतात, अरबी-फारसीत तबाशीर.

आता गंमत बघा. इब्न सीनाचा वैद्यकग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तेव्हा तबाशीरच्या जागी ‘स्पोडियम’ हा शब्द बसला. ग्रीक वैद्यकात स्पोडियम म्हणजे धातूच्या भट्टीतली राख! बांबूतलं औषध आणि भट्टीतली राख, दोन्ही एकाच नावाखाली. युरोपातले वैद्य कित्येक शतकं या घोळात होते. तो दाखवून दिला गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्यानं. तो गोव्यात राहत होता, खरी वस्तू त्याच्यासमोर होती. 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं या दोन वस्तू वेगळ्या केल्या.

पुढे 1791 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जेम्स मेसी यानं तबाशीरचं रासायनिक पृथक्करण मांडलं. निघालं काय, तर मुख्यतः सिलिका. गारगोटीत असते तीच. हाच मेसी पुढे जेम्स स्मिथसन झाला. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशांतून उभी राहिली.

आणि आपल्याकडे? त्वक्क्षीर या शब्दावरून मराठीत ‘तवकीर’ आलं. पण आज आपण तवकीर म्हणतो ते कंदाचं पिठूळ सत्त्व. त्याचा बांबूशी संबंध नाही. बाजारात वंशलोचन म्हणून मिळतं तेही पुष्कळदा कारखान्यात केलेली सिलिका असते. ‘सिलिका ती सिलिका, काय बिघडलं?’ असं कुणी म्हणेल. पण रसायन जुळलं म्हणून औषध तेच, हे तपासल्याशिवाय कसं म्हणायचं? तेव्हा डबीवर नुसतं नाव वाचून थांबू नका. दुकानदाराला सरळ विचारा, हे बांबूतलं आहे का?